पाणी जोखताना

नारीनच्या बाजारात, जुन्या कंटेनरमध्ये माझं दुकान.
बेल्ट, बेअरिंग, बॅटऱ्या,
आणि दारापाशी ओळीनं कॅन :
निळे, हिरवे, लाल, एक तर चक्क सरबतासारखा पिवळा.
जुन्या सवयीनं लोक सगळ्यालाच तोसोल म्हणतात.
"साबिरा एजे, एक लाल तोसोल द्या,"
जसं काही रंगच थंडी अडवणार आहे.

एल्दियार आला तेव्हा सकाळचे आठ, उणे बावीस.
बापाची स्टेपवॅगन आता हा चालवतो.
सात माणसं, त्यांची गाठोडी, पोत्यात कापलेली मेंढी,
डोलोन घाट चढून बिश्केक.
"लाल द्या. पाच लिटर. स्वस्तातलं."
आत काय आहे?
"हिरवंसं काहीतरी. बाबांनी घातलेलं.
मग उन्हाळ्यात मी थोडं नदीचं."

नदीचं!
"बर्फाचं पाणी, एजे. स्वच्छ असतं. पितो आम्ही."
अरे, तू पितोस. तुझ्या पोटात ॲल्युमिनियम नाही.
घरच्या किटलीच्या बुडाशी काय धरलंय बघ,
तेच धरतं आत, बारीक नळ्यांत,
जिथं कुणाचा हात पोचत नाही.

इंजिन निवू दिलं. मग टोपण उघडलं.
ड्रॉपरनं एक थेंब काचेवर ठेवला,
नळी डोळ्याला लावून आभाळाकडे धरली.
निळ्या-पांढऱ्याची सीमा उणे चौदावर.
गिऱ्हाइकांचं पाणी जोखण्यात माझी तीस वर्षं गेली,
पण हे असं अक्षरशः जोखायला मला अजून आवडतं.
रात्री गाडी कुठे असते रे?
"गोठ्यात. गाईंशेजारी."
मग गाईंनीच वाचवलीय ती.

तो वरमला.
"तर निव्वळच घाला. पाण्याशिवाय. कडक."
अति तिथं माती, पोरा.
निव्वळ असेल तर तेही उणे तेराच्या आसपास घट्ट होतं.
त्याला पाणी लागतं, पाण्याला ते.
अर्धं-अर्धं झालं की दोघं मिळून
उणे पस्तीसच्याही खाली तग धरतात.
का, ते मला विचारू नकोस. माझं लग्न मोडलंय.

आणि लाल?
लाल हा नुसता रंग. कारखानदार आपल्या मर्जीनं घालतो.
कॅनची मागची बाजू वाच.
तुझ्या जपानी इंजिनाला फॉस्फेट मानवतं, सिलिकेट नाही;
त्या पलीकडच्या ऑडीचं नेमकं उलटं.
न विचारता एकात एक ओतलं
तर आत खळीसारखं काहीतरी जमतं.
मी ते एकदा रेडिएटरमधून बोटानं काढलंय.

कुणाच्या, ते नाही सांगितलं.
त्याच्या बापाच्या. आधीच्या गाडीच्या.
लाल कॅन कुबातला मीच विकला होता,
आत काय आहे ते न विचारता.
घाटात बंद पडली. अकरा किलोमीटर चालत आला,
दोन बोटं गेली.
एजे म्हणणं त्यानं सोडलं नाही.
फक्त त्यानंतर माझ्याकडून बेल्टच नेले.

मागच्या शेडमध्ये, शेगडीपाशी,
डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा आतडी धुतली स्टेपवॅगनची.
पहिलं पाणी चहासारखं आलं.
निळ्याची किंमत ऐकून एल्दियारनं पाकीट उघडलं, मिटलं.
नाकापेक्षा मोती जड, असंच काहीसं तोंडावर.
राहू दे, म्हटलं. वसंतात दे, मेंढ्या विकल्यावर.
काढलेलं जुनं कॅनमध्ये भरलं,
टोपण पिळून घट्ट,
वर खिळ्यानं कवटी कोरली.
गोड लागतं ते. कुत्र्यांना कळत नाही,
माझ्या आक्तोशला नाही कळलं.

रात्री उणे एकतीस.
फोन टेबलावर, उताणा.
कूलंट बरोबर असलं की कुणी फोन करत नाही.
दहा वाजले. चहा दुसऱ्यांदा गरम केला.
साडेदहा.
अजून कुणी केलेला नाही.